पेन्सिलीचे आकडे

फ्रान्समधल्या सेंतेत्येन गावच्या जुन्या बाजारात, सॉसेजच्या रांगेत, जुनी फौजी पुस्तकं गोळा करणारे फार्जो आणि एक म्हातारी माझ्यापुढेच उभे होते.

"काय हो फार्जो, गेल्या वर्षी माझ्याकडून नेलेलं ते रायफलीचं पुस्तक आहे ना अजून?"

"आहे म्हणजे! कोरं करकरीत केलंय, मादाम. कुणीतरी पानोपानी पेन्सिलीने आकडे खरडले होते. आठवडाभर खोडरबर घेऊन बसलो."

"सगळे पुसलेत?"

"एकही ठेवला नाही!"

"बाबांचे होते ते. घरी यायला किती दिवस उरले, ते रोज एका पानावर लिहायचे. आलेच नाहीत. पुस्तक तेवढं आलं."

"मला... मला ती घाण वाटली, मादाम."

"शेवटचा आकडा तरी आठवतोय?"

"नाही हो."

"सरका पुढे. लोक खोळंबलेत."