काळा गरुड सेनेचे सेनापती

दक्षिण कोरियात, तेगू शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटी सासऱ्यांच्या अंत्यविधीहून परतत होती. तिच्या केसांत सुतकाची पांढरी फीत होती. थोरलीला ती फोनवर तिथले फोटो दाखवत होती.

“पुष्पचक्रावरची ती ‘काळा गरुड सेना’ कोण गं?”

“यांच्या मोबाइल गेममधली टोळी, ताई. हे तिचे सेनापती.”

“तुझा नवरा? दोक-सू? घरात कुणी विचारत नाही त्याला.”

“म्हणून तिथे विचारतात. खरे पैसे भरून खोटे हिरे घेतात नि त्यांच्या तलवारी करतात. गेल्या वर्षीचा बोनस त्यातच गेला.”

“आणि तू गप्प?”

“म्हटलं, एक हिरा माझ्या बोटात घालून दाखवा. तर म्हणाले, तो फक्त गेममध्ये चालतो.”

“पन्नाशीचा घोडा झालाय. आणि ते सहा धटिंगण?”

“तीच सेना. पुसानहून आली होती.”

“तुझे दीर कुठे होते?”

“थोरल्यांची कंबर धरली होती. धाकट्यांची मीटिंग होती.”

“मग शवपेटी कुणी उचलली?”

“त्या सहा जणांनी.”

थोरलीने तो फोटो पुन्हा जवळ घेऊन पाहिला.

“जेवून तरी गेले का?”

“जेवले. मग यांनी तिथेच, सुतकाच्या कपड्यांत, फोन काढला. सगळ्यांना हिरे वाटायला निघाले.”

“कमाल आहे या माणसाची. वाटले?”

“यांचं कार्ड चालेना. मग मी माझं दिलं.”