पाळीचा भोंगा का वाजला नाही

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी पाळी गावच्या बंद खाणीवरचा भोंगा वाजला नाही. माझं सगळं तिथं बदललं. आज उल्हासभाईंच्या शोकसभेला इतकी माणसं जमलीत आणि मी दाराशीच उभा आहे, त्याचं कारण तेच. तरी बोलतो. कृपा करून मध्ये थांबवू नका.

डिचोलीच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे भाई, एवढं तुम्हाला ठाऊक. मी कॉलेजातल्या सरांशी भांडून इंजिनिअरिंग अर्धवट टाकलं, तेव्हा त्यांनी मला दुकानात घेतलं. म्हणाले, "कॉलेज सोडलंस? बरां केलंस. आता शिकूक वेळ गावतलो."

खाणीच्या खड्ड्यातलं पाणी वाढलं की भोंगा वाजवायचा, हे काम त्यांनी घेतलं होतं. प्रोग्राम दोन. पहिला पाणी मोजणार, तो भाईंचा. दुसरा भोंगा वाजवणार, तो माझा. मधे पाईप, पाण्याचा नव्हे, कॉम्प्युटरच्या आत दोन प्रोग्रामना जोडणारा. पहिल्याचा आकडा पाईपमधून दुसऱ्याकडे येणार. दुसऱ्यानं सारखं 'आला का, आला का' विचारायचं नाही. स्वस्थ झोपायचं. पाईपमध्ये काही घडलं की सिस्टिम उठवते.

काही घडलं की. मी काय समजलो? आकडा आला की.

भाईंनी विचारलं होतं. "पयलो प्रोग्रामच मेलो तर? सिस्टिम तुका उठवतली, पण हातात आकडो नसतलो. पलीकडचो गेलो, इतकोच निरोप. तो वाचून भोंगो वाजता मां?"

"वाजतो, भाई."

"पाईप लावन बघलंस?"

"बघितलं."

नव्हतं बघितलं. मी कीबोर्डवर हातानं आकडे मारून बघितलं होतं. भोंगा वाजला, मी खूश. पण कीबोर्डच्या पलीकडे मीच बसलेलो, मी कुठे मरणार होतो? पाईप लावून पहिला प्रोग्राम मुद्दाम मारायला दहा मिनिटं लागली असती. हरमलच्या किनाऱ्यावर कुणी वाट बघत होतं. मी स्कूटर काढली. वाट बघणाऱ्याचा त्यात काडीचा दोष नाही.

त्या दुपारी ओलीनं पाणी मोजणारी तार गेली आणि पहिला प्रोग्राम बंद पडला. सिस्टिमनं माझ्या प्रोग्रामला उठवलं. त्यानं आकडा शोधला, मिळाला नाही, परत झोपायला गेला. परत उठवलं. परत झोपला. सेकंदाला हजारो वेळा. आम्ही पोचलो तेव्हा कॉम्प्युटरचा पंखा जिवाच्या आकांतानं फिरत होता. आणि भोंगा गप्प. खड्डा भरून वाहिला होता, खाली गोपाळकाकांच्या भातशेतात लाल गाळ.

पंचायतीत विचारलं, हे लिहिलं कुणी? मी उठत होतो. भाईंनी माझा खांदा दाबला. म्हणाले, "चूक माझी."

आणि मी बसलो. ऐकताय ना? मी बसलो.

वर्षभर तुम्ही त्यांना काय काय बोललात. गोपाळकाका, तुम्ही त्यांच्या दुकानासमोर थुंकायचात. हात खाली करा काका, 'पुरे' म्हणू नका. मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्या समोर चुकीचा माणूस उभा होता. बरोबर माणूस त्याच्या मागे बसला होता.

सुमेधा. भाईंची लेक तू, हरमलला वाट बघणारीही तूच, तुला तरी मी खरं सांगायला हवं होतं. तू मला विचारलंस, "बाबांचीच चूक ना रे ती?" मी मान हलवली. खरं सांगितलं तर तू माझं तोंड बघणार नाहीस, ही भीती. त्यानंतर तू तीन महिने त्यांच्याशी धड बोलली नाहीस. ते रोज दुकानात मला विचारायचे, "सुमू काय म्हणता?" मी सांगायचो, बरी आहे.

तुझ्या बाबांचा प्रोग्राम बंद पडला. प्रोग्राम बंद पडतातच. म्हणून तर दुसरा ठेवायचा, पहिला गेल्याचं सांगायला. तो माझा होता. नंतर मी त्यात दोन ओळी घातल्या: पलीकडचा गेला, तर भोंगा वाजव. दोनच.

आता तू माझं तोंड बघू नकोस. मीही मागे वळणार नाही.

मी निघतो. जाताना दार ओढून घेईन, आवाज होईल. त्यात शब्द नसेल, आकडा नसेल. पलीकडचा गेला, इतकाच निरोप. तो ऐकला की सगळे उभे राहा, आणि भाईंसाठी दोन मिनिटं गप्प राहा.

येतो, भाई.