करासाठी मांडलेली दुसरी चूल

मी चिंतामणी बाळकृष्ण लिमये, वय ४९, धंदा लोकांचे जमाखर्च लिहिणे, राहणार देवरूख, तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

काशीराम आणि धाकटा शिवा हे मांडवकर बंधू रस्त्यावरच्या मोऱ्या व चिरेबंदी घरे बांधायची कंत्राटे घेतात. त्यांच्या वह्या नऊ वर्षे मी लिहितो. कुटुंब एकत्र. गेल्या साली नफा ३४०० रुपये झाला, त्यावर कर बसणार होता. भाऊ विभक्त दाखवले तर प्रत्येकी सतराशे येतात, आणि दोन हजारांच्या आत कर नाही. ही युक्ती माझी. वाटणीचा कागद मी लिहिला, साक्षीदारही मीच.

विभक्त म्हटले की चूल वेगळी लागते. इन्स्पेक्टर चूल बघतील, तीत राख दिसली पाहिजे, म्हणून शिवाची बायको तुळसा हिने पडवीत दुसरी चूल मांडून महिनाभर वेगळे रांधावे, असेही मीच सांगितले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही. लग्नाच्या अकरा वर्षांत प्रथमच तुळसाला आपल्या नवऱ्याला आधी वाढता आले. ती चूल मोडायला तयार होईना. शिवा निम्मी हत्यारे आणि निम्मी बिले मागू लागला.

काल ता. १७ नोव्हेंबर १९३६ रोजी सकाळी अकराच्या सुमारास इन्कमटॅक्सचे इन्स्पेक्टर चौकशीला आले. मी सोबत होतो. ते घरापुढच्या खळ्यात बसून वह्या चाळत असता पडवीत भांडण पेटले. मी धावलो. काशीरामने चुलीवर लाथ घातली. उकळती पेज तुळसाच्या पायांवर सांडली. शिवाने काशीरामचे डोके भिंतीच्या चिऱ्यावर दोनदा आपटले. काशीरामचा एक डोळा रक्ताने मिटला. त्याने चिरे तासायची कुऱ्हाड उचलली.

शिवा म्हणाला, "मार. कागदावर माजी सही हाय. अर्धं माजं हाय."

काशीराम माझ्याकडे वळून ओरडला, "आप्पा, तुमी सांगा ह्याला, कागद कशापायी केला तो!"

इन्स्पेक्टर उंबऱ्यापर्यंत आले होते. मी गप्प राहिलो.

पहिला घाव मानेवर बसला, दुसरा खांद्यात. शिवा राखेत पडला. तिसरा घाव मी पाहिला नाही, ऐकला. तुळसा भाजलेल्या पायांनी सरपटत आली व पदराने नवऱ्याची मान दाबू लागली. पदर पुरेना. काशीराम कुऱ्हाड टाकून धाकट्याच्या पायाशी बसला. शिवा दवाखान्यात नेताना वाटेत वारला.

वाचणारा कर एकशे सहा रुपये चार आणे होता. आकडा मला अजून तोंडपाठ आहे, याची लाज वाटते.

जबाब फौजदारसाहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे व खरे आहे. 'मी गप्प राहिलो' हे वाक्य मात्र खोटे आहे, ते खोडावे. मी इन्स्पेक्टरांकडे पाहून मोठ्याने म्हणालो, "वाटणी खरी आहे." त्यानंतर काशीरामने पहिला घाव घातला. आता जबाब बरोबर आहे.

सही : चिं. बा. लिमये