समोरच्या दुकानातली तार

मंडळी, विश्वकर्म्याला हार घालून झाला, प्रसादाचा वास मागून यायला लागलाय, तरी घटकाभर माझ्याकडं बघा. एक प्रश्न विचारते. उत्तराची घाई नको.

शेजाऱ्यानं आपल्या ताटातली भाकरी उचलली तर भांडण होणार, हे मला समजतं. भाकरी एक होती, गेली. पण विद्या? माया? बापानं चौघांना जीव लावला म्हणून पाचव्याच्या वाट्याला चतकोर येतो, असं कुठं असतं का? नसतं. मग जी गोष्ट वाटून कमी होत नाही, ती दुसऱ्याला मिळाली की आपल्या पोटात का दुखतं?

बघा, पुढच्या रांगेतले वेल्डर लोक खाली बघायला लागले. मी अजून कुणाचं नाव घेतलेलं नाही.

नाव घेते. शरयू लोहार. कोल्हापुरात, तुमच्यासारख्याच एका कारखान्यांच्या वस्तीत, तिच्या वडिलांचं सायलेन्सरचं दुकान होतं. नामदेव लोहार, सगळे त्यांना तात्या म्हणत. गाडी फाटकातून आत वळायच्या आधी नुसत्या आवाजावरून तात्या सांगायचे, नळी कुठं फुटलीय. त्यांच्या हाताखाली दोघं तयार झाली. एक पोटची मुलगी शरयू. दुसरा इलियास बागवान, बावीस वर्षं त्याच दुकानात राबलेला. पुढं इलियासनं समोरच स्वतःचं दुकान काढलं, तेव्हा नारळ तात्यांनीच फोडला. भांडण नाही, काही नाही.

मग तात्या गेले. तेराव्याला दोन जुनी गिऱ्हाइकं आली. चपला काढल्या, फोटोपुढं हात जोडले, शरयूला म्हणाली, "ताई, मोठा माणूस गेला." आणि बाहेर पडून गाडी नेऊन लावली समोर, इलियासकडं. त्यातला एक तर जाताना म्हणाला, "तात्यांचा हात इलियासच्या हातात उतरलाय, एवढंच समाधान."

शरयू चहाचे कप गोळा करत होती. तिनं ऐकलं. त्या दिवसापर्यंत ती त्याला इलियासदादा म्हणायची. त्या दिवसापासून तो 'समोरचा' झाला. तिला गिऱ्हाईक नको होतं, मंडळी. तिला एवढंच हवं होतं की कुणीतरी तिच्या कामाला हात लावून म्हणावं, हे तात्यांचं काम आहे.

वर्षभरानं संधी आली. जयसिंगपूरचे दातांचे डॉक्टर, भरत मगदूम, आपली टर्बोची गाडी घेऊन आले. त्यांना डाउनपाइप बदलायची होती.

आता मागं बसलेल्या आयाबाया म्हणतील, कीर्तनाला आलोय का गॅरेजला? दोन मिनिटं ऐका. इंजिन श्वास सोडतं, तो धूर. टर्बोच्या गाडीत त्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा भरतो. सोडलेल्या श्वासाच्या बळावर नवा श्वास. आमचे पेटीवाले बुवा मान हलवतायत, त्यांना भात्याचं गणित पटकन कळतं. तर त्या पंख्यातून सुटलेला धूर ज्या पहिल्या नळीनं खाली उतरतो, ती डाउनपाइप. तिच्यातच जाळीचा एक डबा असतो, धुरातलं बरंचसं विष तिथं मरतं. कंपनीची नळी अरुंद, म्हणून हौशी लोक रुंद नळी बसवतात. किती रुंद घ्यायची, डबा ठेवायचा की काढायचा, कुठून वळवायची, सगळी निवड एवढ्यातच.

डॉक्टर म्हणाले, "समोर विचारून आलोय. इलियासभाई म्हणतात, अडीच इंची पुरेल. डबा ठेवा, मोकळ्या जाळीचा नवा घालू. तुमचं काय मत?"

गाडी रस्त्यावरच उभी. बॉनेट बंद. शरयूनं तिच्याकडं मान वळवूनसुद्धा बघितलं नव्हतं.

"टर्बोला अडीच? समोरच्यांना अजून ट्रॅक्टरचीच सवय दिसतीय."

"मग?"

"तीन इंची. आणि डबा काढायचा. नळी सरळ मोकळी."

"ते म्हणाले, या मॉडेलला खाली जागा कमी आहे."

"मग त्यांच्याकडंच बसवा की." आणि थोडं थांबून, हळू आवाजात, "डॉक्टर, मी तात्यांची मुलगी आहे."

डॉक्टरांनी किल्ली टेबलावर ठेवली.

तुम्ही सांगा, हे मत गाडीबद्दल होतं का? समोरच्यानं तीन सांगितलं असतं तर बाईंनी अडीच सांगितलं असतं, आणि तेही तेवढ्याच ठसक्यात. पण इथवर माणूस चुकतो, आपणही चुकतो. खरी चूक पुढं आहे.

तात्यांची एक रीत होती. नळी कापायच्या आधी ते जाड तार घ्यायचे. गाडीखाली जाऊन, नळी जिथून जाणार त्या वाटेनं ती तार वाकवायचे आणि इंजिनाला टांगायचे. मग एकाला सीटवर बसवून ब्रेक दाबून ॲक्सिलेटर द्यायला लावायचे. जोर आला की इंजिन आपल्या जागेवर कूस बदलतं, त्याबरोबर तारही सरकते. सरकलेल्या तारेभोवती नळीएवढी जागा आणि वर एक बोट उरलं पाहिजे. उरलं, तरच नळी कापायची.

इलियास समोर हेच करायचा. त्याच्या भिंतीवर अशा तारा टांगलेल्या असायच्या, रस्त्यावरून दिसायच्या. शरयूला त्या बघवेनात. तात्यांची रीत, आणि ती समोरच्या भिंतीवर! मग तिनं काय केलं? आपल्या दुकानातली तारेची सगळी भेंडोळी भंगारवाल्याला दिली. तो करतो ना, मग मी नाही करणार. बापाची वस्तू दुसऱ्याकडं दिसली म्हणून स्वतःच्या घरातली फेकून दिली.

डॉक्टरांच्या गाडीचं माप तिनं टेपनं घेतलं, इंजिन बंद ठेवून. नळी सुरेख झाली. वेल्डिंगचे टाके असे की माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक. गाडी फाटकाबाहेर पडली ती गर्जना करत, आणि शरयूनं समोर बघून घेतलं, ऐकू गेलं का म्हणून.

आठ दिवसांनी गाडी परत.

"शरयूताई, चढावर जोर दिला की खालून कुणीतरी हातोडा मारतंय. धूर तपासणीत गाडी नापास. आई मागं बसायची, तिला मळमळतं, आता ती एसटीनं जाते. आणि माझ्या कोटाला असा वास मारतो की पेशंट आधी नाक धरतो, मग तोंड उघडतो."

शरयू हसली नाही.

"मी समोर जातो असं म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तात्यांच्या नावावर दिलंय मी हे काम."

तिनं गाडी दुकानातल्या खड्ड्यावर घेतली आणि खाली उतरून बघितलं. नळीवर एका जागी घासून चकाकी आली होती, आणि बरोबर तिच्यावर गाडीच्या तळाला पोचा. एक बोट. एका बोटाची जागा कमी पडली होती. माप नव्यानं घ्यायला दोन गोष्टी हव्या होत्या, तार आणि सीटवर बसणारं जाणतं माणूस. तिच्याजवळ दोन्ही नव्हतं.

रस्ता तीस पावलांचा. वर्षभर ओलांडला नव्हता.

"तार पाहिजे," ती दारातून म्हणाली.

इलियासनं चष्मा वर केला. "किती?"

"चार हात."

त्यानं कापून दिली. ती वळल्यावर हात पुसत मागोमाग आला आणि डॉक्टरांच्या गाडीत सीटवर जाऊन बसला.

शरयूनं खाली उतरून घासलेली नळी सोडवली, अंदाज घेतला, मग वर येऊन तार गुडघ्यावर आडवी धरली आणि दोन्ही तळव्यांनी दाबली. वाक गोल आला, कुठं मुडपला नाही.

"गुडघ्यावर घेतलास," इलियास खिडकीतून म्हणाला.

"मग कशावर घेणार?"

"मी पकडीत धरून घेतो. दोनदा तरी तार मोडते." तो स्टिअरिंगकडं बघत बोलत होता. "बावीस वर्षांत मला नाही दाखवलं तात्यांनी हे. तुला दाखवलं व्हय."

मंडळी, तो आवाज शरयूनं ओळखला. वर्षभर तिच्याच पोटात तो बोलत होता.

आता मी तुमच्यापासून लपवलेली गोष्ट सांगते. तिनंही ती कुणाला सांगितली नव्हती. शेवटच्या आठवड्यात तात्यांनी दोनदा विचारलं होतं, इलियास आला का. इलियास रोज यायचा. शरयू त्याला दारातूनच सांगायची, झोपलेत. आणि आत जाऊन तात्यांना सांगायची, कामात असेल.

तार तिच्या हातात होती. गोड वाटून घ्यायची ही वेळ होती, मला येतं आणि तुला येत नाही. ती म्हणाली, "दादा, ते तुम्हाला विचारत होते. दोनदा. मी सांगितलं नाही."

इलियासनं किल्लीवरचा हात काढला.

"मी समजत होतो, त्यांना नको असेन."

"मी उशाशी बसलेली असायचे. मी रात्रंदिवस तिथं, आणि तात्या विचारायचे तुम्हाला."

"येडी आहेस का शरू? जी उशाशी बसलीय ती आली का, असं कोण विचारतं?"

तिनं तोंड फिरवलं. तोही रडला असेल, तिनं बघितलं नाही. तो माफ केलं असंही म्हणाला नाही. जे गेलं ते माफीनं परत मिळणारं नव्हतं, हे दोघांना कळत होतं. तिनं तार टांगली. त्यानं ब्रेक दाबून जोर दिला. इंजिन कलंडलं, तार सरकली, आणि तिनं तारेच्या बाजूला बोटं लावून बघितली.

"अडीच," ती खालून म्हणाली. "आणि डबा पाहिजे."

"मी काय सांगितलं होतं?"

"बोलू नका आता."

मंडळी, मी सुरुवातीला विचारलं, पोटात का दुखतं. कमी मिळतं म्हणून नाही दुखत. मला एकटीलाच मिळावं असं वाटतं, म्हणून दुखतं. आणि एकटीचं करायच्या नादात तिनं बापाची रीत भंगारात घातली, आणि बाप ज्याची वाट बघत होता त्याला दारातून परत पाठवलं.

आता शरयूला सोडा. समोरचा करतो म्हणून तुम्ही कोणतं चांगलं काम करायचं सोडलंत? कुणासाठी आलेला निरोप तुमच्या दारात अडकून पडलाय? मला सांगू नका. तो माणूस बहुतेक याच मंडपात बसलाय. आरतीला सगळे उठतीलच. आज उठून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा, आणि टाळ्या वाजवायला लागायच्या आधी सांगून टाका.