देवाची हद्द

गौरजाची दिल्लीच्या विद्यापीठात निवड झाली. पण ती झालीच नाही असं धरा, कारण कुडाळ स्टँडवर गौरजा आजोबांसोबत मालवण गाडीच्या रांगेत माझ्यापुढे उभी होती, तेव्हा निकालाला अजून चार दिवस होते.

“गावच्या देवान कौल दिल्यान गो. मूर्तीच्या उजव्या खांद्यावर लावलेली पाकळी टपकन पडली. तुजा काम झाला.”

“आजोबा, जागा चाळीस आणि अर्ज नऊ हजार.”

“त्या नऊ हजारांनी कौल लावल्यानी?”

“पण देवाक दिल्ली म्हणान सांगितलात?”

“‘माज्या नातीचा, ह्या चेडवाचा काम होतला?’ इतक्याच इचारलंय.”

“म्हणजे देवान माका फक्त बारावी पास केल्यान! देवाची हद्द खंयपर्यंत?”

“व्हाळापर्यंत.”

“शेजारच्या बाबलीकाकांची म्हस हरवान व्हाळापलीकडे गेली, तेव्हा?”

“हद्दीभायर म्हणान देवान कौल देवकच नाय.”

“आणि दिल्ली खंय आसा?”

“...व्हाळापलीकडे. पेन काढ. शुद्ध मराठीत लिही.”

“कोणाक?”

“कुलगुरूंक. ‘महोदय, आमच्या ग्रामदेवतेची हद्द ओढ्यापर्यंतच असल्याने, आपले विद्यापीठ निकालापूर्वी ओढ्याच्या अलीकडे हलवण्यात यावे, ही नम्र विनंती.’”