मऊ स्प्रिंग

मिस्त्री – याहून मऊ नाही होणार, काका. याहून मऊ केली तर ती गाडी राहणार नाही, पाळणा होईल.

नवरा – पाळणाच करा.

मिस्त्री – आणि वळणावर कलंडली म्हणजे?

नवरा – वळणावर मी खाली उतरून ढकलत नेईन. तुम्ही टाका हो.

मिस्त्री – इकडे या. वाका जरा. हा तुमचा जुना शॉकअप. हाताने दाबला, गेला आत. परत येतोय का वर? नाही. तेल केव्हाच गळून गेलंय. म्हणजे खड्ड्याचा सगळा दणका सरळ सीटवर. आता याच्या जागी गॅसचा बसवतोय, पुढच्या मॉडेलचा. स्प्रिंग मऊ. रबराचे बुश आठच्या आठ नवे. वरचा पत्रा गंजला होता, तिथे पट्टी वेल्ड केली. बावीस वर्षांच्या गाडीला याच्यापुढे कोण काय करणार? नवी का घेत नाही?

नवरा – जावई तेच म्हणाला. पण नव्या सगळ्या उंच. बायकोला पाय उचलून चढता येत नाही. रुग्णवाहिकेतलं स्ट्रेचर म्हणजे नुसती फळी. या गाडीची पुढची सीट पूर्ण आडवी होते. हे बघा, मी रस्ता कागदावर काढलाय. हॉस्पिटलपर्यंत एकतीस किलोमीटर.

मिस्त्री – अहो, हा तर नकाशा!

नवरा – जन्मभर तेच केलं. नोकरीच नकाशे काढायची. लाल खूण म्हणजे खड्डा, निळी म्हणजे गतिरोधक. लाल एक्केचाळीस आहेत. आणि हे आमच्या घराजवळचं रेल्वे फाटक. इथे ती ओठ चावते, रक्त येईपर्यंत. पण तोंडातून हूं नाही की चूं नाही.

मिस्त्री – काकूंचं मणक्याचंच ना?

नवरा – आधी छातीत होतं. ते काढलं. आता मणक्यात उतरलंय. रेडिएशनच्या पंचवीस फेऱ्या सांगितल्यात, चौदा झाल्या. गेल्या गुरुवारी म्हणाली, मला नाही जायचं. म्हटलं, का गं? तर म्हणे, धक्के सोसवत नाहीत. बस. दुसरं कारणच नाही. म्हणजे बघा, सगळं अडलंय ते फक्त इथे. तुमच्या या लोखंडात.

मिस्त्री – डॉक्टर काय म्हणतात?

नवरा – डॉक्टरांचं काय. बघू म्हणतात. तुम्ही उद्या द्याल ना?

मिस्त्री – देतो. मीच गाडी घेऊन येतो घरी. काकूंना बसवून एक चक्कर मारू. ज्याला दुखतं त्यानेच सांगावं.

[दुसऱ्या दिवशी दुपारी. चक्कर मारून गाडी घरासमोर थांबली आहे. मिस्त्री चालकाच्या जागेवर, बायको शेजारच्या सीटवर आडवी, नवरा मागून उतरून खिडकीशी आला आहे.]

नवरा – कसं वाटलं? मुद्दाम फाटकावरून न्यायला लावली. कळले का रूळ?

बायको – नाही कळले.

नवरा – ऐकलंत, मिस्त्री? रूळ कळले नाहीत म्हणतेय! मी मागे बसून म्हणतच होतो, आज गाडीचा खडखडाट नाही, काही नाही! थांब, आत्ताच फोन लावतो. सोमवारची वेळ घेऊन टाकू. येताना तुझी गोळी आणतो. मिस्त्री, चहा घेतल्याशिवाय हलायचं नाही, सांगून ठेवतो.

बायको – गेले?

मिस्त्री – गेले आत. काकू, खरंच कळले नाहीत रूळ?

बायको – तुम्ही माझ्या शेजारीच होतात. बघितलंत ना?

मिस्त्री – बघितलं. सीटची कड धरली होती तुम्ही. बोटं पांढरी पडली होती.

बायको – मग कशाला विचारता?

मिस्त्री – म्हणजे माझं सगळं काम पाण्यात.

बायको – तसं नाही हो. गाडी मऊ झालीय. एवढी वर्षं बसतेय हिच्यात, मला कळणार नाही? धक्का आता बाहेरून येतच नाही. आतून येतो. श्वास घेतला तरी येतो.

मिस्त्री – मग काकांना रस्त्याचं का सांगितलंत?

बायको – काहीतरी सांगायला तर हवं. मी थकले, आता पुरे, हे त्या माणसाच्या तोंडावर कसं सांगू? वाटलं, धक्क्यांचं म्हटलं की सोडून देतील. तर हे कागद-पेन्सिल घेऊन रस्ता मोजत निघाले. माझी एक सबब होती, मिस्त्री. तीही तुम्ही दुरुस्त करून टाकलीत.

मिस्त्री – मला काय ठाऊक, काकू.

बायको – तुम्हाला कसं असेल. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलंय, हे बरं होण्यासाठी नाही, दुखणं जरा कमी व्हावं म्हणून आहे. मी ऐकलं. यांनी नाही ऐकलं. शेजारीच बसले होते. आणि चौदा फेऱ्या होऊन दुखणं तसंच. वर घरी आले की उलट्या.

मिस्त्री – मी काही करू शकतो का, काकू?

बायको – एक कराल? सांगा यांना, काहीतरी बिघडलंय. गाडी परत आठ दिवस ठेवावी लागेल.

मिस्त्री – आणि आठ दिवसांनी?

बायको – आठ दिवसांनी बघू.

मिस्त्री – नाही जमणार, काकू. गिऱ्हाइकांना मी पुष्कळ थापा मारल्यात, खोटं कशाला बोलू. उद्या देतो म्हणून चार-चार दिवस झुलवलंय. पण ही थाप तसली नाही. काका गाडीखाली झोपून टॉर्च मारून बघतील, कुठला बोल्ट सैल राहिला. तुम्ही गेल्यावरसुद्धा बघत राहतील.

बायको – हळू बोला. आले.

नवरा – सोमवार, साडेनऊ! मिळाली वेळ. ही घे गोळी. काय झालं? मिस्त्री, मागची स्प्रिंग अजून थोडी मऊ...

मिस्त्री – काका, गाडीत करण्यासारखं आता काही राहिलं नाही.

नवरा – म्हणजे?

मिस्त्री – काकूंना विचारा.

बायको – अहो, रूळ कळले मला.

नवरा – कळले? बरं. मग रबर जाड टाकू. मिस्त्री, जाड रबर मिळतं ना?

बायको – रबराचं नाही हो. गादीवर कूस बदलली तरी तेवढंच दुखतं. मी सोमवारी येणार नाही. पुढेही नाही.

नवरा – अकराच राहिल्यात गं.

बायको – हो.

नवरा – अकराच.

बायको – चौदा केल्या त्या तुमच्याकडे बघून केल्या.

नवरा – मग मी काय करू? सांग ना, मी काय करायचं? नुसतं घरात बसून तुझ्याकडे बघत राहू?

बायको – हो. तेवढंच.

मिस्त्री – मी निघतो, काका. किल्ली टपावर ठेवलीय.

नवरा – चहा ठेवलाय...

मिस्त्री – राहू द्या. येईन पुन्हा.

नवरा – आत नेऊ का तुला? मानेखाली हात घालतो. हळूच.

बायको – एवढ्यात नको. तिकडून या, इथे माझ्या शेजारी बसा. उभ्या गाडीत बरं वाटतं.