हिराबाय आणि जाळं

मला जुन्या पुस्तकांचा नाद आहे. खेड्यांतल्या माणसांचे फोटो असलेली, आता कुठेच छापली न जाणारी पुस्तकं मी जमवते. तुर्भ्याच्या रद्दीवाल्याकडे मला खाडीकाठच्या गावांचं एक मिळालं. इतकं जुनं, पण त्यावर एकही डाग नव्हता!

ते पिशवीत घेऊनच मी आईबरोबर करावे गावात मासळी आणायला गेले. आईने कौतुकाने ते आमच्या नेहमीच्या मासळीवाल्या पारूमावशींना दाखवलं. मावशींचे हात कोळंबीने माखलेले. ‘हात लावू नका’ असं मी म्हणेपर्यंत त्यांनी पानं उलटायला सुरुवातही केली.

मावशी एका फोटोवर थांबल्या. खाली छापलं होतं, ‘जाळे विणणारी कोळी स्त्री’.

“अगो, ही तर माझी सासू, हिराबाय!” आणि त्या हसतच सुटल्या. “ही जालं कवा विनायला लागली? आमच्यात जाली बाप्ये विनतात. फोटोवाल्याने हातात दिलं आसंल, बसली नटून!”

आजूबाजूच्या बायकाही वाकून बघत हसायला लागल्या.

“पोरी, पेन हाय?”

मी पिशवीतून पेन काढून दिलं. मावशींनी छापलेली ओळ खोडली आणि सावकाश लिहिलं, ‘हिराबाय. नाटक करते.’

घरी बाबा हळहळले, “अगं, एवढं दुर्मीळ पुस्तक खराब झालं ना!”

मी कोळंबीचा वास येणारं ते पान त्यांच्यासमोर धरलं. “खराब कुठे, बाबा? दुर्मीळ तर ते आत्ता झालंय.”